दहाचे तीन सेट, पण वजन किती?

आम्हा फिजिओथेरपिस्टच्या व्यायामाच्या कागदावर एक ओळ ठरलेली: दहा वेळा, तीन सेट. वजन किती, ते मात्र बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. हातात पिवळा थेराबँड, म्हणजे ओढून व्यायाम करायचा हलक्या ताणाचा रबरी पट्टा, दिला की झालं. महिन्याभरानंतरही तोच पिवळा.

गंमत म्हणजे परीक्षेत वजनाचे व्यायाम देण्याच्या डिलॉर्म आणि ऑक्सफर्ड या दोन पद्धतींतला फरक आम्ही सगळ्यांनी पाठ करून लिहिलाय. थॉमस डिलॉर्म अमेरिकन लष्करातले डॉक्टर. जखमी सैनिकांच्या मांडीचे स्नायू परत भरून यावेत म्हणून त्यांनी चक्क जड वजनं वापरली आणि 1945 साली त्यावर लेख लिहिला. त्यांच्या दहाचा अर्थ साधा होता: जेमतेम दहाच वेळा उचलता येईल एवढं वजन. पुढे ठरलेल्या पद्धतीत पहिला सेट त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरा पाऊणपटीने, तिसरा पूर्ण. ताकद वाढली की वजनही वाढवायचं. आपण दहा तेवढे ठेवले, वजन सोडून दिलं!

'स्ट्रेंथ ट्रेनिंग महत्त्वाचं आहे का?' असं विचारलं तर एकही सहकारी नाही म्हणणार नाही. प्रत्यक्षात हात आखडतो. "अगं, सत्तरीच्या आजी आहेत, काही झालं म्हणजे?" ही काळजी मला कळते. नुकतं ऑपरेशन झालंय, सांध्याला सूज आहे, तिथे सबुरी हवीच. पण 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या मंडळींनी आठ आठवडे वजनं उचलली आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. वजनही हलकं नव्हतं, एकदाच उचलता येईल त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत नेलेलं. नव्वदीला चालतं ते सत्तरीला धोक्याचं कसं? जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते; आम्ही मात्र 'रोज चालत जा' म्हणून मोकळे होतो.

मी सेट संपल्यावर एवढंच विचारते, "आजी, अजून किती वेळा जमलं असतं?" 'दोन-तीन' म्हणाल्या तर वजन बरोबर. मागच्या आठवड्यात एक आजी म्हणाल्या, "वीस तरी. तू थांब म्हणालीस म्हणून थांबले."