दाढ काढली, जागा रिकामीच

आजचा दिवस ड्रिलपेक्षा स्कॅन बघण्यातच जास्त गेला. पेशंटची दाढ काढून बरीच वर्षं झालेली आणि जबड्याचं हाड सुरीच्या पात्यासारखं निमुळतं. 4 मिमी जाडीचा इम्प्लांट (म्हणजे नव्या दातासाठी हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू) बसवायचा तर हाडाची रुंदी निदान 6 मिमी हवी, दोन्ही बाजूंना किमान 1-1 मिमी उरलं पाहिजे. दात काढल्यावर पहिल्या वर्षात ही रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते, त्यातली बरीचशी झीज पहिल्या 3 महिन्यांतच. शेजारचे दात कलतात, समोरच्या जबड्यातला, त्या जागेवर टेकणारा दात लांबतो. मग आधी हाडाची भर घाला, काही महिने थांबा, आणि मग स्क्रू.

खरी कसोटी ड्रिलिंगची. हाड 47 अंश सेल्सिअसवर मिनिटभर तापलं तरी इजा होते. म्हणून धारदार ड्रिल, सतत थंड सलाइन, जोर कमी. भाजलेल्या हाडात टायटॅनियम रुजत नाही. त्या दिवशी स्क्रू अगदी घट्ट वाटतो, काही आठवड्यांनी हलायला लागतो.

रुजायला खालच्या जबड्यात साधारण 3 महिने, वरच्यात 4 ते 6. वरची कॅप, म्हणजे दिसणारा दात, त्यानंतर. (हो, 'लगेच दात'ही बसतात, पण प्रत्येकाच्या हाडात नाही.) आणि सिगारेट ओढत असाल, शुगर वाढलेली असेल तर ते आधीच सांगा हो, टाके घातल्यावर नको.