सहा इंचाचं दार आणि भिंतीची बाहेरची बाजू

गल्लीत पऱ्यांची चिमुकली दारं, म्हणजे पोरांच्या गमतीसाठी भिंतीला लावायची खोटी दारं, लावायची असतील तर आधी दुकानं धरा, भिंतीच्या नादी शेवटी लागा. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात चष्मेवाला, झेरॉक्सवाला आणि पिठाची गिरणी, तिघांनी उभ्याउभ्या हो म्हटलं. गिरणीवाल्या काकांनी तर पायरीजवळची जागा स्वतः पुसून दिली. अमेरिकेत ॲन आर्बरला जोनाथन राइट यांनी २००५ साली गावातलं पहिलं सार्वजनिक दार लावलं, तेही एका कॉफीच्या दुकानालाच. दुकानाला निदान मालक असतो.

मला हवं होतं ते आमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर, बाहेरून, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. जुन्या वाड्याचं असतं तसं दार: कडीकोयंडा, उंबरठा, वर दोऱ्याचं तोरण. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, भिंत आपली, पण बाहेरची बाजू फुटपाथकडे येते. संबंधित कार्यालयाचं पत्र आणा." संबंधित कार्यालय (नाव घेत नाही, पुढेही कामं असतात) म्हणालं, "भिंत खासगी आहे, सोसायटीचा ठराव आणा." कमिटीचं म्हणणं, पत्राशिवाय ठराव कशाच्या आधारावर करायचा? त्यात इमारत पुनर्विकासाला निघालेली, त्यामुळे कशावरही सही करायची म्हटली की सगळ्यांचे हात आखडतात.

अर्जावर विषय काय लिहावा इथूनच घोडं अडलं. जाहिरातीच्या टेबलावर विचारलं, यात जाहिरात कुठाय? अतिक्रमणाच्या टेबलावर मापं मागितली, फुटांत. अर्धा फूट, म्हटलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"आत काय बसवणार?"

"काही नाही. दार उघडतच नाही."

"आज नाही हो मॅडम. उद्या कोणी फोटो चिकटवेल, परवा घंटा येईल."

मला हसूही आलं आणि संतापही. तसं त्यांचं भय अगदी हवेतलं नव्हतं. रस्त्यावर, सार्वजनिक जागेत नवी अनधिकृत प्रार्थनास्थळं होऊ देऊ नका, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच दिलाय, आणि आपल्याकडे कोनाडा दिसला की हात आपोआप जोडले जातात. पण म्हणून सहा इंचाच्या दारासाठी "मूर्ती, फोटो, घंटा वा दानपेटी ठेवणार नाही" असं लिहून द्यायचं? दिलं. दानपेटी हा शब्द त्यांनीच घालायला लावला.

अर्ज दिल्यावर पोचेवर आवक क्रमांक घ्या, हे आत्ता आठवलं. तो नसेल तर पुढच्या खेपेला तुम्ही त्यांच्या लेखी जन्मालाच आलेले नसता.

मग साहेबांची बदली, नवे साहेब, पुन्हा फुटांतली मापं. शेवटी उत्तर आलं: "सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." मी कपाळावर हात मारून घेतला, पण सेक्रेटरींना कागद दाखवला तर त्यांचा चेहरा खुलला. शिक्का होता ना! पुढच्याच मीटिंगला ठराव झाला. नकार की होकार यात फारसं काही नसतं, कागद गोल शिक्क्याचा हवा.

झाडावर मात्र दार लावू नका, खिळे तर नकोच. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या वेफर्ड वूड्समध्ये झाडाझाडाला इतकी दारं झाली की २०१५ मध्ये विश्वस्तांनाच आवर घालावा लागला. दार एमडीएफचं (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचं) करू नका, ठाण्याच्या पावसात फुगून त्याचा पापड होतो. सुताराकडे सागाचे उरलेले तुकडे मिळतात. ऑइल पेंटचे दोन हात द्या, कडांना सिलिकॉन भरा.

दार लागलं त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी उंबरठ्यावर जास्वंदीचं फूल! साहेब दूरदृष्टीचे होते म्हणायचं. आता दूध आणायला खाली उतरले की आधी तिकडे नजर टाकते. पोरांनी ठेवलेले चणे-फुटाणे, चिठ्ठ्या राहू देते. फुलं उचलते. लेखी दिलंय.