तुम्ही विचारलंत म्हणून: परक्यांचे फोटो आणि त्यांच्या गोष्टी

‘ओळख ना पाळख, मग या लोकांचे जुने फोटो कशाला जमवता? आणि त्यांच्या गोष्टी मनानेच रचता की काय?’ हा प्रश्न ठरलेला. पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. ओळखीच्या माणसाचा फोटो आपण नीट बघतच नाही, नाव आठवलं की पान उलटतो. परक्याच्या फोटोत बघण्यावाचून गत्यंतर नसतं. दुसरा भाग जरा लांबतो. गोष्ट रचायची, जरूर रचायची, पण आधी फोटोची उलटतपासणी करून.

तपासणी चेहऱ्यापासून नाही, वस्तूपासून सुरू करा. हातात धरून तिरका केल्यावर एका कोनातून आरशासारखा चकाकला आणि दुसऱ्या कोनातून निगेटिव्हसारखा दिसला, तर तो डॅगेरोटाइप, म्हणजे १८३९ किंवा त्यानंतरचा. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचं हे चित्र बोट फिरवलं तरी पुसलं जातं, तेव्हा त्याची काच काढायच्या भानगडीत पडू नका. चुंबक ओढला गेला तर टिनटाइप, तो लोखंडी पत्र्यावर असतो. पुठ्ठ्यावर डकवलेला पातळ कागद, पिवळट-तपकिरी छटा आणि भिंगाखाली कागदाचे तंतू दिसत असतील, तर बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमेन प्रिंट. पुठ्ठा साधारण ६३ × १०० मिलिमीटर असेल तर कार्त-द-व्हिझित, म्हणजे व्हिजिटिंग कार्डाएवढा फोटो. दिझदेरी या फोटोग्राफरने पॅरिसमध्ये १८५४ साली त्याचं पेटंट घेतलं. १०८ × १६५ म्हणजे त्याहून मोठं कॅबिनेट कार्ड, ते १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळलं. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे आधीचे, जाड पुठ्ठा, गोल कोपरे, सोनेरी कड नंतरची. अमेरिकी कार्डाच्या पाठीवर महसुली तिकीट असेल तर काम फारच सोपं होतं, कारण फोटोंवरचा तो कर सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ एवढाच होता.

कपड्यांवरूनही काळ काढता येतो, पण घरातल्या म्हातारीच्या पेहरावावरून नको. म्हातारी माणसं तरुणपणीचीच धाटणी पुढे चालवतात. गटातली सगळ्यात तरुण बाई शोधा, तिच्या बाह्या आणि केसांची ठेवण बघा. शिवाय जुन्या फोटोचा फोटो काढून नव्या पुठ्ठ्यावर लावायची पद्धत सर्रास होती. चेहरा मऊ, धूसर आणि पुठ्ठ्यावरची छपाई मात्र लख्ख असेल, किंवा कडेला मूळ चौकटीची रेघ उमटलेली असेल, तर माणूस पुठ्ठ्याहून जुना समजा.

यापुढे खरी गंमत, कारण हे फोटो बेधडक थापा मारतात. कलोडियनच्या, म्हणजे काचेवर किंवा पत्र्यावर चिकट द्रावणाचा थर देऊन फोटो काढायच्या काळातली रसायनं निळ्या रंगाला झटकन प्रतिसाद देत, लाल-पिवळ्याला जवळजवळ देतच नसत. त्यामुळे निळे डोळे भुतासारखे पांढरे दिसतात, सोनेरी केस गडद होतात, फिकट वांग काळ्या ठिपक्यांसारखे उठतात आणि लालभडक झगा काळा येतो. ‘काळे कपडे, म्हणजे बिचारी विधवा’ अशी सुरुवात केलेली गोष्ट इथेच आपटते. टिनटाइपमध्ये डावं-उजवं उलटं असतं. त्यातला माणूस डाव्या हातात लेखणी धरून बसला असेल तर तो डावखुरा नाही, आणि अंगठी भलत्याच हातात दिसली तर त्यामागे रहस्य नाही. कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते पाहा, लगेच कळतं.

गंभीर चेहऱ्यांवरून दुःखाचे डोंगर रचू नका. अगदी सुरुवातीला मिनिटभर किंवा जास्तच स्तब्ध बसावं लागे, पुढे काही सेकंदांवर आलं. पण सेकंदभराच्या काळातही लोक हसलेले नाहीत, कारण फोटोला हसायची रीतच नव्हती.

उदाहरणादाखल एक कॅबिनेट कार्ड: दोन तरुण, एक खुर्चीत, दुसरा मागे उभा, त्याचा हात पहिल्याच्या खांद्यावर. उभ्याच्या कोटाची बाही मनगटाच्या दोन बोटं वर संपते, खांद्याची शिवण मात्र खाली ओघळली आहे. एकाच वेळी आखूड आणि ढगळ, म्हणजे कोट दुसऱ्या कुणाच्या मापाचा. स्टुडिओत कोट ठेवलेले असत. बुटांवर चिखल वाळलेला आहे, ते बहुधा त्याचेच. मागच्या पडद्यावर महाल, आणि पायाखालचा गालिचा पडद्यापर्यंत पोचतच नाही. हे दिसतं. दोघांच्या कानांच्या पाळ्या अगदी सारख्या आहेत, म्हणून भाऊ असावेत, हा अंदाज. उसना कोट घालून हा फोटो कुणाला पाठवायचा होता, ती कल्पना. हे तीन रकाने वहीत वेगळेच ठेवायचे.

विक्रेत्यांच्या गोष्टींपासून सावध. ‘मेलेल्या माणसाला स्टँडला टेकवून काढलेला फोटो’ म्हणत भाव चढवतात. पायांमागे दिसणारा लोखंडी पाया हा जिवंत माणसाचं डोकं स्थिर ठेवायच्या आधाराचा. प्रेताचं वजन तो पेलणारच नाही. मृतांचे फोटो काढत, पण बहुतेक झोपवून, नाहीतर टेकवून बसवून.

अल्बम फोडून सुटे फोटो विकले जातात, हे सगळ्यात वाईट. शेजारच्या पानावरचा तोच चेहरा दहा वर्षांनी मोठा दिसला असता, तो दुवाच तुटतो. अख्खा अल्बम मिळाला तर पानांचा क्रम नोंदवल्याशिवाय एकही फोटो बाहेर काढू नका.

सांभाळणं फार अवघड नाही. कडेला धरा, आम्लमुक्त कागदाच्या किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवा, पीव्हीसी नको. थराचे पापुद्रे सुटत असतील तर पॉलिएस्टरही नको, स्थिर विजेने ते उचलले जातात. रबरबँड, टाचणी, सेलोटेप वर्ज्य. वाकलेला पुठ्ठा स्कॅनरखाली दाबून सरळ करू नका, तडकतो. वरून कॅमेऱ्याने टिपा. सपाट कार्त-द-व्हिझित ६०० ते १२०० डीपीआयला (इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा, आणि पाठ नक्की स्कॅन करा. स्टुडिओचा पत्ता, निगेटिव्हचा क्रमांक तिथेच असतो. स्टुडिओ जागा बदलत, त्यामुळे जुन्या व्यापारी डिरेक्टरीत तो पत्ता कोणत्या वर्षांत होता ते पाहिलं की काळ दोन-चार वर्षांवर येतो.

आणि रचलेली गोष्ट पाठीवर कधीच लिहू नका. पन्नास वर्षांनी ती कुणीतरी खरी धरेल. पाठीवर मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात, फक्त तुमचा नोंद क्रमांक. गोष्ट वहीत, तिसऱ्या रकान्यात.