एका कोअरचं कोडं

सोलापूर, १४ मे

आज दुपारी तीनला डिझाईन रूममध्ये बसवत नव्हतं. बाहेर ४२ च्या घरात, पत्रा तापलेला, आणि त्यात माझ्या कॉम्प्युटरचा पंखा सकाळपासून एका सुरात घोंघावत होता. चादरीची डिझाईन काढायचा प्रोग्रॅम नुसता उघडून ठेवला, माऊसला हात लावला नाही, तरी तेच. मंगळवारपासून हे चाललंय. अँटिव्हायरस बंद करून पाहिला, प्रोग्रॅम काढून परत टाकला; फरक शून्य.

बाबा पंचवीस वर्षं जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माग बिघडला की आधी बंद करायचे नाहीत. दोन मिनिटं शेजारी उभे राहून ऐकायचे, मगच पाना उचलायचे. मी मात्र तीन दिवस नुसती रीस्टार्ट मारत होते. आज म्हटलं, चालू असतानाच बघू.

कुठला प्रोग्रॅम कॉम्प्युटरला किती राबवतोय ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं; त्यात डिटेल्स उघडलं. प्रोग्रॅमसमोर २५, म्हणजे प्रोसेसरची २५ टक्के ताकद. पाच मिनिटं बघत बसले, २५ च. कामाचा आकडा असा राहत नाही, तो वरखाली होतो. मग लक्षात आलं, मशीन चार कोअरचं आहे, म्हणजे प्रोसेसरमध्ये काम करणारे चार भाग, आणि २५ टक्के म्हणजे पाव, बरोबर एक कोअर. म्हणजे प्रोग्रॅमवर कामाचा बोजा नाही, त्याचा एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, कुठेतरी अडकून गरगर फिरतोय. हे कळल्यावर निम्मं ओझं उतरलं, कारण तोवर मी मालकांकडे नवीन कॉम्प्युटर मागायच्या विचारात होते.

प्रोसेस मॉनिटर हे मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं साधन आहे. कुठला प्रोग्रॅम कुठली फाईल उघडतोय, वाचतोय, ते ओळीनं दाखवतं. फक्त आमच्या प्रोग्रॅमचा फिल्टर लावला आणि ओळी पावसासारख्या कोसळायला लागल्या. थांबवून पाहिलं तर सगळ्या ओळींत एकच फाईल, आणि पुढे निकाल प्रत्येक वेळी तोच: एंड ऑफ फाईल. वाचायला जातोय, काही मिळत नाही, पुन्हा जातोय.

ती फाईल शोधली. वेलीच्या बॉर्डरची बीएमपी, म्हणजे चित्राची फाईल. आकार ० केबी. वेळ मंगळवार, ४ वाजून १० मिनिटं.

तेव्हाच लाईट गेली होती! मी सेव्हवर क्लिक केलं होतं आणि अख्ख्या लाईनीतले माग एकदम गप्प झाले होते. यूपीएसची बॅटरी महिन्यापासून उतरलेली. फाईलचं नाव तेवढं डिस्कवर राहिलं, आत काहीच नाही. प्रोग्रॅम उघडताच त्या फोल्डरमधल्या डिझाईनची छोटी चित्रं बनवायला बसतो, आणि या रिकाम्या फाईलपाशी अडकतो. फाईल रिकामी असेल तर सोडून पुढे जा, एवढं तरी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी सांगून ठेवायला हवं होतं. मला याचा खरंच राग आला. कंपनीला सविस्तर मेल केलाय, ती फाईलही जोडलीय.

फाईल फोल्डरबाहेर हलवून प्रोग्रॅम परत उघडला. २५ चे ० झाले. हळूहळू पंखाही शांत झाला आणि शेडमधल्या मागांचा आवाज पुन्हा स्वच्छ ऐकू यायला लागला.

यूपीएसच्या बॅटरीचं मालकांना सांगितलंय. पेनड्राईव्हवर सोमवारची वेल सापडली, पण कोपऱ्यातलं वळण त्यात नाही. ते उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, पुन्हा काढायचं.