ओठांवरचे काळे ठिपके

माझ्या खालच्या ओठावर आणि गालांच्या आतून लहानपणापासून काळपट ठिपके आहेत. आजी म्हणायची, "बापाची खूण उतरलीय पोरीवर." वडिलांनाही तसेच होते. ते चाळिशीच्या आत पोटाच्या दुखण्यानं गेले. आतड्याला पीळ पडला, एवढंच आम्हाला कळलं.

मला शाळेत असल्यापासून जेवल्यावर पोटात कळ यायची आणि तासाभरानं आपोआप जायची. रक्त कायम कमी. लोहाच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या, मग एका दवाखान्यात चार वर्षं पित्ताचं औषध. ओठांकडे बघून कुणी एक प्रश्न विचारला नाही. त्याचा राग अजून जात नाही.

चौतिसाव्या वर्षी, आमच्या तासगावात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी चालू असताना, रात्री कळ आली ती थांबेचना. हिरव्या उलट्या, पोट टम्म. नवऱ्यानं गाडी काढली आणि पहाटे मिरज गाठलं. सीटी स्कॅनमध्ये आतड्याच्या जागी रिंगणात रिंगण दिसत होतं. सर्जननी स्वतःची बाही आत खुपसून दाखवली. "असं आतड्यात आतडं शिरलंय. आत मोठी गाठ असणार, तिला पुढं ढकलताना आतडंच ओढलं गेलं." मग टॉर्च घेऊन त्यांनी माझे ओठ पाहिले आणि विचारलं, "घरात अजून कुणाला असे डाग?"

मी टेबलावर जाण्याआधीच रडायला लागले.

लहान आतड्याचा काळा पडलेला तुकडा काढावा लागला. त्याच वेळी दुर्बीण घालून उरलेल्या आतड्यातल्या मोठ्या गाठीही काढल्या, म्हणजे लगेच पुन्हा पोट उघडायला नको. नाकात नळी, सलाईन, पाण्याचा घोटही नाही. ते दिवस सरता सरेनात.

बायोप्सीवरून नाव कळलं: पॉइट्झ-जेगर्स सिंड्रोम, म्हणजे ओठांवर-तोंडात काळे ठिपके आणि आतड्यात गाठी आणणारा आनुवंशिक आजार. पॉइट्झ या डच डॉक्टरांनी १९२१ मध्ये एका कुटुंबाबद्दल लिहिलं, जेगर्स यांनी १९४९ मध्ये. वडील जन्मायच्या आधीच हा आजार कागदावर आला होता! एसटीके११ या जनुकातला दोष १९९८ मध्ये सापडला. माझ्या रक्तात तोच निघाला. गाठी बहुतेक साध्या असतात, पण आतडं, स्तन, स्वादुपिंड अशा अवयवांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून तपासण्या आयुष्यभर.

आणि प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. माझ्या लेकीच्या ओठावर ठिपके होतेच. वयात आल्यावर ओठांवरचे पुसट होऊ शकतात, गालाच्या आतले बहुधा राहतात, तेव्हा डॉक्टरांना तोंड उघडून दाखवा.

आठव्या वर्षी तिची पहिली तपासणी ठरली. कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायची म्हणून ती आठवडाभर पाण्याबरोबर बेदाणे गिळायचा सराव करत होती, आधी बारके, मग जाडे. कॅप्सूल गेली एका दमात. दोन लहान गाठी दिसल्या, अजून काढण्याजोग्या नाहीत. पुन्हा तीन वर्षांनी बघायचं.

डॉक्टरांनी आमचा वंशवृक्ष काढला तेव्हा वडिलांचा चौकोन काळा भरला, म्हणजे त्यांनाही हा आजार असणार, आणि त्यांचे बहीणभाऊ विचारले. घरी येऊन मी आत्याला फोन लावला. "तुझ्या धाकट्याचे ओठ बघ," म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, त्याचं पण पोट दुखतंय दिवाळीपासून." सोमवारी त्याला घेऊन मी मिरजेला चाललेय.