हवा नव्हे, फेस

सकाळी साडेसातला मावशींचा फोन. "ताई, ढवळी फुगलीय. धड उभी राहीना. निघा लगेच." मागे त्यांचा मुलगा कुणाला तरी दावं सोडायला ओरडून सांगत होता. मी एवढंच विचारलं, "काय खाल्लंय?" मावशी जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "घासच की. तुम्हीच म्हणालात ना, कापून टाका म्हणून."

ते वाक्य गोठ्यापर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही.

आठवड्यापूर्वी मी त्यांच्याकडे गाभण तपासायला गेले होते. काम संपल्यावर मुलानं हौसेनं लसूणघास दाखवायला नेलं. बी नवीन, लावणही यंदाचीच, पहिली कापणी होऊन गेलेली. फुटवा छान होता. पण बांधाकडच्या वाफ्यात मला पिवळट-केशरी दोरे दिसले. शेवया सांडल्यासारखे, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. अमरवेल. तिला नावाला पान नाही, आणि एकदा घासाचं खोड धरलं की तिची मुळंही वाळून जातात. पुढे ती घासाच्याच रसावर जगते. बहुधा घासाच्या बियाण्यातूनच आली असावी. बी चाळून, खात्रीचं घ्या म्हणतात ते याचसाठी.

मी घाबरवलंच त्यांना. वेलीला फूल यायच्या आत कापा म्हटलं. बी एकदा गळलं की मातीत वर्षानुवर्षं टिकतं, जनावराच्या पोटात गेलं तर शेणातून तसंच बाहेर पडतं आणि खतासोबत सगळ्या रानात पसरतं. वेल दिसतेय त्याच्या चारी बाजूंनी हातभर जास्तीचं धरा, अगदी मातीलगत कापा, वाळवा, तिथंच जाळा. दुसऱ्या एका गावाला जायची घाई होती. एवढं सांगून मी निघाले.

वेल नसलेल्या घासाचं काय करायचं, हे मी बोललेच नाही.

गोठ्यात पोचले तर ढवळी पुढचे पाय फाकवून, मान ताणून उभी. जीभ बाहेर, लाळ गळतेय. डावी भकाळी, जिथं एरवी खळगा असतो, ती पाठीच्या कण्याच्याही वर आलेली. बोटांनी वाजवलं तर ताणलेल्या ढोलासारखी. ती मागच्या पायानं स्वतःच्याच पोटावर लाथ मारत होती. शेजारच्या दोघी थोड्या फुगलेल्या, पण उभ्या. गव्हाणीत हात घातला. कोवळा, लुसलुशीत, दवानं भिजलेला घास. कळीचा पत्ता नाही. सुक्या वैरणीची एक काडीसुद्धा नाही.

तोंडातून नळी सारली. नुसती हवा अडकली असती तर नळी पोटात पोचताच भसकन बाहेर आली असती. इथं नळीच्या तोंडाशी थोडे हिरवट बुडबुडे आले आणि बंद. इतक्यात ढवळीनं पुढचे गुडघे टेकले. नळीतून तेल सोडायचा विचार होता, पण श्वास पाहून तो सोडून दिला. नळी ओढून काढली आणि ट्रोकार घेतला, म्हणजे पोटाला भोक पाडायची, नळीत बसवलेली जाड सुई. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये, डाव्या बाजूला, वरच्या अंगाला.

हा क्षण बघणाऱ्यांना ठाऊक असतो. सगळे कान टवकारून असतात, कारण सुई निघाली की फुस्स आवाज येतो आणि गाय डोळ्यांदेखत ओसरते. मी सुई काढली. आत राहिलेल्या नळीतून, कॅन्युल्यातून, आवाज नाही. साबणाच्या फेसासारखं हिरवं काहीतरी हळूहळू वर आलं, कातडीवरून ओघळलं आणि तिथंच अडकलं. मुलगा म्हणाला, "हवा का येईना?"

हवा होती. पण ती एका जागी नव्हती. कोवळ्या घासातली प्रथिनं कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, भराभर विरघळतात, आतला द्रव चिकट होतो आणि तयार होणारा वायू वर न जमता लाखो बारीक बुडबुड्यांत कोंडला जातो. गाईला ढेकर देता येत नाही, कारण ढेकर द्यायला मोकळी हवा लागते. असं पोट पुढे छातीवर दाबतं आणि जनावर श्वास कोंडून मरतं, कधीकधी तासाभरात. अशा फेसाला भोक पाडून फारसं काही होत नाही. फेस मोडावा लागतो.

"गोडेतेल आणा. घरात असेल तेवढं."

मावशी स्वयंपाकघरातून डबाच घेऊन आल्या. मोठ्या सिरिंजनं त्याच कॅन्युल्यातून अर्धा लिटर तेल आत सोडलं. गाय पडलेली, धाप लागलेली. तोंडातून पाजलं असतं तर फुप्फुसात गेलं असतं. मग मी आणि मुलगा दोघांनी भकाळी मुठींनी मळायला घेतली, कणीक मळावी तशी. माझ्या कोपरापर्यंत तेल आणि घासाचा हिरवा रस. बाकी दोघींना मावशींनी माझ्या सांगण्यावरून तोंडात आडवी काठी बांधून फिरवायला घेतलं. काठी चघळताना लाळ सुटते, आणि लाळही फेसाला मारते.

किती वेळ गेला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. नंतर मुलगा म्हणाला, वीस मिनिटं. कॅन्युल्यात आधी खुळखुळ ऐकू आलं, मग धाप टाकल्यासारखा एक झोत, आंबूस, गरम. ढवळीनं मान हलवली आणि एक लांबलचक ढेकर दिला. मावशी मटकन खाली बसल्या.

जखम धुऊन औषध दिलं, पुढचे काही दिवस पोटाच्या आत पू होतोय का यावर लक्ष ठेवायला सांगितलं. मग सगळे मिळून शेतात गेलो. मुलानं धसक्यानं अमरवेलीचाच नव्हे, सगळा तुकडा कापला होता. भल्या पहाटे, दव असतानाच. एवढा ढीग बघून त्याला वाटलं, वाया कशाला घालवायचा, आज पोटभर घालू. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. आणि कापला होता मातीलगत, सरसकट. वेलीच्या जागी ते बरोबर, कारण धसकटाला चिकटलेला वेलीचा तुकडा पुन्हा वाढतो. बाकीच्या ठिकाणी मात्र दोन-तीन इंच सोडायला हवे होते. पुढचा फुटवा बुडख्यावरच्या डोळ्यांतून येतो. शिवाय इतक्या कोवळेपणी कापलं की घासाच्या मुळांमध्ये साठवण राहत नाही. दहातल्या एखाद्या झाडाला फूल दिसायला लागलं की विळा लावायचा, म्हणजे साधारण महिन्याला एक कापणी.

"म्हणजे घास वाईटच," मुलगा म्हणाला.

मला हसू आलं, रागही आला, तो स्वतःचाच. कोरड्या वजनात १८-२० टक्के प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम देणारा दुसरा चारा मी कुठून आणून देऊ? घास वाईट नाही. माझं सांगणं अर्धवट होतं. तसं मी त्याला म्हणालेही. तो काहीच बोलला नाही, पायानं ढेकूळ फोडत राहिला.

तिसऱ्या दिवशी जखम बघायला गेले. ढवळी खात होती. कापलेला घास अंगणात पातळ पसरून वाळत टाकलेला होता. बांधाशी जाळलेले काळे गोल होते आणि एका गोलाच्या कडेला, हिरव्या फुटव्यावर, वीतभर पिवळा दोरा. मुलानं विळा उचलला. मावशींनी त्याचा हात धरला, दुसऱ्या हातानं पदराआडून फोन काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"आता सांगा ताई. पहिल्यापासून. काय कापायचं, काय जाळायचं, काय घालायचं. आणि गाडीची किल्ली तेवढी खाली ठेवा."