केबल तुटली त्या दिवशीची कार्यशाळा

तीन मुलींमागे एक मार्गदर्शक. मुलींना वेबसाइट बांधायला शिकवणाऱ्या जँगो गर्ल्सच्या कार्यशाळांनी घालून दिलेला हा हिशेब आमचा पुण्यातला पायथन गट, म्हणजे पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरणाऱ्यांचा गट, काटेकोर पाळतो, आणि तो पाळताना जीव मेटाकुटीला येतो. शनिवारची सुट्टी सोडून, स्वतःच्या तिकिटाने, मानधनाशिवाय यायला दहा जण जमवायचे म्हणजे महिनाभर फोनाफोनी चालते. "एक चांगला वक्ता बोलवा, प्रोजेक्टर लावा, शंभर जणींना एकदम शिकवून टाका," असा सल्ला दर वेळी मिळतो. सांगलीच्या त्या शनिवारपासून तो सल्ला मी कानाआड करते.

जँगो गर्ल्सची पहिली कार्यशाळा २०१४ साली बर्लिनमध्ये, युरोपायथन परिषदेच्या वेळी झाली. ओला सितार्स्का आणि ओला सेंदेत्स्का या दोघींनी ती घेतली आणि त्यासाठी लिहिलेले पाठ सगळ्यांना मोकळे करून दिले. कुणीही वापरावेत, बदलावेत, पुढे द्यावेत. सकाळी कोरा लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलीने संध्याकाळी स्वतः बांधलेला ब्लॉग इंटरनेटवर चढवूनच घरी जायचं, अशी त्या पाठांची आखणी आहे. आम्हीही तेच पाठ वापरतो.

महालक्ष्मी एक्सप्रेसने आम्ही पहाटे सांगलीला उतरलो. महाविद्यालयाने तळमजल्यावरची लॅब दिली होती आणि तीस मुली वेळेच्या आधीच येऊन बसल्या होत्या. काहींचे लॅपटॉप नवे, काहींचे भावाचे, एकीचा शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. आम्ही टेबलं लावत होतो तेवढ्यात लॅबचे काका आत आले. "मॅडम, नेट गेलंय बघा. बाहेर रस्त्याला जेसीबी लागलाय, केबल तोडली त्यानं. आता लाइन कधी जोडतील काय सांगता येत न्हाई." मोबाइलची तीच गत. जाड भिंतींमुळे तळमजल्यावर रेंजच येत नव्हती, गच्चीवर गेलं तर जेमतेम.

पाठातली जवळजवळ प्रत्येक पायरी इंटरनेट धरून चालते. जँगो, म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बांधायची तयार चौकट, उतरवायचं ते नेटवरून, पाठ वाचायचे ते नेटवर, शेवटी ब्लॉग चढवायचा तो पायथनएनीव्हेअर या वेबसाइट ठेवायच्या सेवेवर. एका मुलीने हळूच विचारलं, "मग आता आम्ही घरी जायचं का ताई?" ती मिरजेच्याही पुढून एसटीने आली होती.

आमच्या गटात एक मैत्रीण आहे. ती कुठल्याही कार्यशाळेला पेनड्राइव्हशिवाय जात नाही. लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांच्या गटात, लिनक्स युजर ग्रुपच्या जुन्या माणसांमध्ये ती वाढली. तेव्हा नेट इतकं हळू असायचं की लिनक्स बसवून द्यायच्या मेळाव्याला, इन्स्टॉल फेस्टला, लोक सीड्यांची चवड घेऊन यायचे, आणि उबुंटू या लिनक्सच्या फुकट सीड्या २०११पर्यंत टपालाने घरी येत. ती सवय तिने सोडलेली नाही. पेनड्राइव्हवर पायथनचे इन्स्टॉलर होते, पाठांची पूर्ण प्रत होती आणि जँगोच्या ४.२ आवृत्तीची पॅकेजेस (बसवायच्या फाइली) होती. ४.२ का, तर ते पायथन ३.८वरही चालतं. विंडोज ७ असलेल्या लॅपटॉपवर ३.८च्या पुढचं पायथन बसतच नाही, आणि असे लॅपटॉप जिल्ह्याच्या ठिकाणी हमखास निघतात. हे तिला ठाऊक होतं, कारण ती अशा ठिकाणी वर्षानुवर्षं जात आली आहे. ही माहिती मला तरी कुठल्या पाठात सापडली नसती.

बाहेरची लाइन गेली असली तरी लॅबमधला राउटर चालू होता. म्हणजे जगाशी संबंध नव्हता, पण खोलीतली यंत्रं एकमेकींशी बोलू शकत होती. मैत्रिणीने पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये जाऊन पायथनचाच छोटा वेबसर्व्हर सुरू केला, एका ओळीची आज्ञा, आणि तिच्या यंत्राचा आयपी पत्ता फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. त्याखाली पॅकेजेस बसवणाऱ्या पिपची आज्ञा: नो-इंडेक्स, म्हणजे नेटवर शोधू नकोस, फाइंड-लिंक्स, म्हणजे या पत्त्यावर बघ, ट्रस्टेड-होस्ट, कारण साध्या, सुरक्षित नसलेल्या एचटीटीपीवरून पॅकेज घ्यायला पिप तयार होत नाही. काही मिनिटांतच सात-आठ स्क्रीनवर जँगोचं रॉकेट, म्हणजे ते नीट चालू झाल्याची खूण, उडताना दिसलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

बाकीच्या लॅपटॉपवर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली, आणि खरा दिवस तिथून सुरू झाला.

प्रत्येक टेबलावर अडचण वेगळी होती. पायथन ३.९ आणि ३.१० असलेल्यांना टायपिंग-एक्स्टेन्शन्स नावाचं पॅकेज लागत होतं. ते पेनड्राइव्हवर नव्हतं, कारण मैत्रिणीच्या यंत्रावर पायथन ३.११ आणि तिथे त्याची गरजच पडत नाही, म्हणून पिपने ते उतरवलंच नव्हतं. ३.८वाल्यांना त्याशिवाय बॅकपोर्ट्स-झोनइन्फो हवं होतं, आणि त्याची फाइल ३२ बिटला वेगळी, ६४ बिटला वेगळी. एकीच्या विंडोजच्या युजरनेममध्ये मोकळी जागा होती, तिचा व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रकल्पापुरता पायथनचा वेगळा कप्पा, चालेना. एकीने पायथन बसवताना पाथची खूण केली नव्हती, म्हणून विंडोजला पायथन सापडत नव्हतं.

हे सगळं अर्ध्या तासात कळलं, कारण प्रत्येक टेबलावर फक्त तीन स्क्रीन होत्या आणि त्या बघायला एक जाणतं माणूस बसलेलं होतं. मार्गदर्शक जागेवरून ओरडत होते, "माझ्याकडे दोन झोनइन्फो, एक बत्तीस बिट!", "माझ्याकडे तिन्ही टायपिंग!" मी फळ्यावर यादी करत होते. शंभर जणी आणि एक प्रोजेक्टर असता तर त्या लाल अक्षरांपुढे साठ-सत्तर मुली मान खाली घालून बसल्या असत्या आणि ही गोष्ट आपल्यासाठी नाही असं मनात धरून घरी गेल्या असत्या. असं होताना मी इतर ठिकाणी पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही.

यादी घेऊन आमचा एक जण आणि दोन मुली गच्चीवर गेल्या. पायपीआय या पायथनच्या पॅकेजेसच्या कोठाराच्या पानावरून हव्या त्या फाइली मोबाइलवर उतरवल्या. प्रत्येकी काही केबी, त्यामुळे तेवढ्या रेंजवरही आल्या. यूएसबी केबलने त्या फोल्डरमध्ये टाकल्या. मुलींनी आज्ञा पुन्हा दिली आणि जेवणाच्या सुट्टीआधी तिसाच्या तीस लॅपटॉपवर रॉकेट उडालं. गच्चीवर गेलेल्या दोघींपैकी एक खाली येऊन आपल्या टेबलाला समजावून सांगत होती, "फाइलच्या नावात सीपी ३८ आहे ना, म्हणजे पायथन ३.८ची. आणि शेवटी विन ३२ आहे ते बघायचं." ही मुलगी सकाळपर्यंत आज्ञा टाइप करायचं टर्मिनल म्हणजे काय हे जाणत नव्हती.

दुपारी जँगोचे ठरलेले भाग, म्हणजे माहितीचा साचा ठरवणारी मॉडेल्स, अ‍ॅडमिन, टेम्प्लेट्स हे नेहमीसारखं झालं. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही, मुली भराभर पुढे गेल्या. प्रश्न राहिला तो ब्लॉग चढवण्याचा. मग ठरवलं, जगाला नाही तर निदान खोलीला दाखवू. जँगोचा रनसर्व्हर ०.०.०.०वर, म्हणजे खोलीतल्या इतर यंत्रांनाही दिसेल असा, चालवायचा, विंडोजच्या फायरवॉलने विचारलं की परवानगी द्यायची, आणि आपला आयपी पत्ता शेजारणीला सांगायचा. पहिल्या प्रयत्नात सगळीकडे पिवळं पान आलं: डिसअलाउड होस्ट. पण ते पान दुरुस्तीही सांगतं, हा पत्ता अलाउड-होस्ट्स या परवानगीच्या यादीत घाला म्हणून. कुणीतरी उत्तर विचारायला हात वर करणार एवढ्यात मागच्या टेबलावरून आवाज आला, "अगं वाच की, खालीच लिहिलंय त्यानं!"

नंतरचा तासभर गोंधळ. मोबाइल राउटरला जोडून मुली एकमेकींचे ब्लॉग उघडत होत्या. एकीचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. तिने पोस्टमध्ये त्या आठवड्यातले हळदीच्या सौद्यांचे दर लिहिले होते, राजापुरी वेगळी, सेलम वेगळी, आणि सगळं मराठीत. मराठी अक्षरं मोडली नाहीत म्हणून ती चकित झाली होती. शेजारणीने विचारलं, "रोज टाकशील का? आमच्या दादाला लागतंय." तिने लगेच मार्गदर्शकाला विचारलं की तारखेप्रमाणे दर वेगळे कसे ठेवायचे. मग दोघी मॉडेलमध्ये नवं फील्ड (रकाना) घालून मायग्रेशन, म्हणजे तो बदल डेटाबेसमध्ये उतरवायचं काम, करत बसल्या. ते त्या दिवसाच्या पाठात नव्हतं.

लाइन जोडली गेली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. ज्यांच्या एसटीला वेळ होता त्यांनी तेवढ्यात पायथनएनीव्हेअरवर खातं उघडून ब्लॉग चढवला. लॅबच्या काकांनी सगळ्यांसाठी जयसिंगपूरची भडंग मागवली होती. पॅकेजेसचा फोल्डर त्यांनी लॅबच्या यंत्रावर ठेवून घेतला.

आता पेनड्राइव्ह भरताना मैत्रीण ३.८पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांच्या फाइली घेते, ३२ बिटच्याही. तिकडे त्या मुलींनी स्वतःचा गट केला आहे आणि त्याच लॅबमध्ये शनिवारी बसतात. पुढच्या वर्षीच्या मुलींसाठी त्यांनी कार्यशाळा घेतली तेव्हा पुण्याहून आम्ही तिघंच गेलो. बाकीच्या टेबलांवर मार्गदर्शक म्हणून त्याच होत्या. हळदीच्या दरांवाल्या मुलीकडे विंडोज ७वाल्या लॅपटॉपचं टेबल दिलं होतं.